सध्या कानावर: तीन मिनिटांच्या बाजू आणि एक लांब मारवा

या फेरीत हात ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर आहे. मूळ तबकड्या नव्हेत, त्यांवरून कुणी ना कुणी उतरवून घेतलेली ध्वनिमुद्रणं. इतकी वर्षं ती सुटी-सुटी ऐकली: एखादी भैरवी, एखादं नाट्यपद, मध्येच कुणीतरी पाठवलेला ललत. आता सलग ऐकतोय आणि वहीत दोनच रकाने ठेवलेत: काय घेतलं आणि काय सोडलं. दुसरा रकाना भरणं जास्त मजेचं आहे.

एक समज मनात पक्का बसलेला असतो, की तबकडी म्हणजे मैफलीतल्या ख्यालाचा कापलेला तुकडा. सलग ऐकताना तो टिकत नाही. सव्वातीन-साडेतीन मिनिटं हातात आहेत हे गाणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. त्यामुळे त्या बाजूची बांधणीच वेगळी झाली. बढत करत, एकेक स्वर उलगडत वर जायला वेळ नाही, तेव्हा राग पहिल्या मुखड्यातच (बंदिशीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्यातच) उभा करायचा. अंतरा कधी घ्यायचा, तान कुठून सुरू करायची, संपवताना समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कसं यायचं, सगळं ठरवून. मैफलीत रंगणारे पण तबकडीत अवघडलेले गायक आहेत, आणि याच्या उलटही आहेत.

सुरुवात जयपूर घराण्याच्या गायिका केसरबाई केरकर यांच्यापासून केली. नटकामोदातली ‘नेवर बाजो रे’ आणि गौडमल्हारातली ‘मान न करिये’. जोडरागात एरवी भीती अशी, की आधी थोडा नट दाखवला, मग थोडा कामोद, असं होऊन बसतं. इथे तसं कुठेच वाटत नाही. दोन्ही राग एकाच वाक्यात विणलेले, आणि त्यावर तो खुला, गोल आकार (शब्दांऐवजी ‘आ’ लावून गाणं). ‘सोडलं’च्या रकान्यात लिहिलंय: शब्दांशी खेळणं. बोल हवे तेवढेच, बाकी सगळा भार आकारावर आणि दमसासावर. तान संपेल असं वाटतं तिथे ती आणखी एक वळण घेते आणि तरीही मुखडा जागच्या जागी येतो.

केसरबाई म्हटलं की बहुतेकांना ‘जात कहाँ हो’ ही भैरवीच आठवते, कारण ती १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. (दोनपैकी नंतर उडालेल्या यानाचं उड्डाण ५ सप्टेंबरचं, आणि बाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला.) भैरवी सुंदरच आहे. पण जयपूर घराण्याची वीण कशी असते हे विचारणाऱ्याला मी ती देणार नाही, नटकामोदच देईन. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब यांचं ध्वनिमुद्रण नाही. भास्करबुवा बखल्यांचंही नाही. म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांपर्यंत कानाने पोचायची वाट केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या गळ्यांतूनच जाते. म्हणून या बाजू ऐकताना कान जरा जास्तच टवकारले जातात.

मग किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब. झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’. इथे ऐकणं बाजूला राहिलं आणि दुसराच उद्योग सुरू झाला. माझ्याकडच्या दोन प्रतींत षड्ज एक नाही, जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक आहे. कारण उघड आहे: तबकडी कापली गेली तो वेग आणि उतरवून घेताना फिरवली तो वेग, दोन्ही जुळलेले नाहीत. ७८ हा आकडा तसा नावापुरताच, जुन्या तबकड्या त्याच्या आगेमागे बऱ्याच सरकतात. वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते. म्हणजे ३ मिनिटं १५ सेकंदांत संपणारी चढी प्रत नीट फिरवली तर ३ मिनिटं २७ सेकंदांची होते. बारा सेकंद कुणाला जाणवत नाहीत, पण आवाजाचा पोत बदलतो आणि तो जाणवतो.

खाँसाहेबांच्या बाबतीत हे ओळखणं आणखी अवघड. त्यांचा आवाजच उंच आणि टोकदार, त्यामुळे चढी प्रतही ‘अशीच असेल’ म्हणून खपून जाते. मी आता आधी आवाजाकडे लक्षच देत नाही. आधी डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा, डाव्या हाताचा) ऐकतो. वेग वाढला की डग्ग्याचा घुमारा आटतो आणि तो पोकळ वाजायला लागतो. मग व्यंजनं: ‘च’, ‘स’ चिमटल्यासारखे येतात का? पेटीची साथ असेल तर पेटीचा स्वर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतोय का, हेही बघतो. पण यावर फार विसंबत नाही, जुन्या पेट्या आजच्या मापाला लागलेल्या असतीलच असं नाही. या कसोट्या लावल्यावर माझा कौल खालच्या पट्टीच्या प्रतीला. तिच्यात ‘पिया’वरची आस लांबते, आणि आर्जव घाईतलं वाटत नाही.

जाता जाता खरखरीबद्दल. स्वच्छ करून दिलेल्या प्रतींपासून मी लांबच राहतो. खरखर पुसणारं यंत्र तिच्याबरोबर तंबोराही पुसतं, आणि किराणा घराण्याच्या गाण्यात तंबोरा गेला तर मागे उरतं काय? पहिल्या अर्ध्या मिनिटात कान खरखरीपलीकडे जातो. तिथून पुढे ती ऐकूच येत नाही.

गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्याही काढल्या. त्यांवर नाव ‘गांधारी’. नंतरचा तो भरदार, जवळजवळ पुरुषी आवाज ओळखीचा असेल तर हा पातळ, उंच गळा कुणाचा हे सांगूनही पटत नाही. पण स्वर लावण्यातला ठामपणा तोच. यावर एकदा निवांत लिहीन.

फैयाज खाँसाहेबांचा नटबिहाग, ‘झन झन झन झन पायल बाजे’, यावर ‘सोडलं’चा रकाना कोरा आहे. काही सोडलंय असं वाटतच नाही. लयीशी लाडीगोडी, बोलांची फेक, तो रांगडा खर्ज, सगळं मावलंय.

इतक्या छोट्या बाजूंनंतर मुद्दाम उलट टोकाला गेलो: अमीर खाँसाहेबांची एलपी (नंतर आलेली लांब वाजणारी तबकडी), एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. विलंबित, म्हणजे संथ लयीतली ‘पिया मोरे अनत देस’, झूमरा तालात. झूमरा चौदा मात्रांचा, आणि त्यांच्या लयीत एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) साधारण मिनिटभर चालतं. हिशेब करा: ७८च्या एका बाजूवर अशी जेमतेम तीन आवर्तनं बसली असती. हे गाणं त्या तबकडीवर येऊच शकत नव्हतं. एलपीची बाजू वीस मिनिटांच्या पुढे गेली तेव्हा कुठे या लयीला जागा मिळाली.

मारव्यात पंचम नाही, आणि षड्जावर टेकायची मुभाही फारशी नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यातच फिरत राहायचं. खाँसाहेब त्या अडचणीला अजिबात घाईने उत्तर देत नाहीत. रिषभावर थांबतात, धैवतावर उतरतात, षड्ज मनात असतो पण गळ्यात येत नाही. आणि तो आला की इतका थोडा वेळ, की आपण सुटकेचा श्वास घेईपर्यंत ते पुन्हा रिषभावर. तबकड्यांनी सवयी बिघडवल्यामुळे पहिल्या आवर्तनात मी अक्षरशः अस्वस्थ होतो: मुखडा कधी येणार? तिसऱ्यापर्यंत ती विचारणाच बंद झाली. ‘गुरु बिन ग्यान’ ही द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश सुरू झाली तेव्हा द्रुत नको, विलंबितच चालू राहावं असं वाटलं. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं, एरवी मी द्रुताची वाट बघणाऱ्यांतला आहे.

दरबारी अजून नीट ऐकलेली नाही. मारव्यानंतर लगेच दुसरी बाजू लावू नये, एवढं मात्र सांगतो. दोन्हींवर अन्याय होतो.

पुढे मल्लिकार्जुन मन्सूर: तरुणपणीच्या तबकड्या आणि उतारवयातल्या एलपी शेजारी-शेजारी ठेवून. एकच गळा दोन्ही मापांत काय करतो ते बघायचंय. गौडमल्हार तिथेही आहे, त्यामुळे केसरबाईंच्या नोंदी जवळच ठेवल्यात. आणि झिंझोटीची प्रत ज्यांच्याकडे असेल त्यांनी तिची पट्टी आणि लांबी, दोन्ही कळवा. नुसती पट्टी सांगून उपयोग नाही.