चेनचा डबा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्या वाडीतल्या पोफळी, नारळ, एक जुना फणस, सगळं एका दुपारीत आडवं झालं, तेव्हापासून घरात चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची मशीनची करवत, आहे. कौतुक सगळे मशीनचं करतात, पण खरा जीव चेनमधे. पडलेलं झाड मातीत लोळत असतं, चेन जरा जमिनीला टेकली की संपलं, ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडायला लागतो. म्हणजे जादा चेन सोबत पाहिजेच. (ती घाईत उलटी बसवली तर नुसता धूर निघतो, करून बघितलंय.)

चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीला निदान म्यान तरी मिळतं, जादा चेनला कोणी विचारत नाही. पहिल्यांदा मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकली, दातांनी पिशवी फाडली, तेल झिरपून सॅकमधलं होतं नव्हतं सगळं चिकट, आणि गुंता असा की गणपतीतली लाइटची माळ परवडली. मग पडवीत खिळ्याला टांगली. समुद्र हाकेच्या अंतरावर, पावसाळा संपेपर्यंत तांबडी झाली आणि सांधे माझ्या गुडघ्यांसारखे.

आता ती राहते कडीच्या तीन पुडी डब्यात. बायकोने तो डबा कधीच स्वयंपाकघरातून हद्दपार केलाय. खालच्या पुडात तीन वेढे घातलेल्या दोन चेन, तेलाच्या फडक्यात. मधल्यात दातांना धार लावायची ४.८ मिमीची गोल कानस, ती वेगळीच ठेवावी लागते, लोखंडाला घासत राहिली तर कानसच बोथट होते. वर प्लग आणि पाना. झाकणावर खिळ्याने ७२ कोरलंय, म्हणजे पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्या, दुकानदार पहिलं तेच विचारतो आणि मी दरवेळी विसरायचो. पेट्रोल मात्र एसटीत न्यायचं नाही, ते गावातच घ्यायचं, लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, आणि लागेल तेवढंच कालवायचं.

मागच्या खेपेला डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. पनवेल सोडल्यावर शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अहो, आमटी गळतेय वाटतं."

पँटवर काळा ओघळ. मी "हो" म्हटलं.

"कसली हो?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. माणगावपर्यंत मावशींनी स्वतःची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.