जुनं एक वाजवा ना

कार्यक्रम संपला की मी खाली बसून वायरी गुंडाळत असते. तेव्हा कुणीतरी स्टेजपाशी येतं आणि विचारतं, "आधीच्या बँडचं ते सात मात्रांचं गाणं आता का नाही वाजवत?" आणि लगेच, जरा आवाज खाली आणून, "तुमचं भांडण झालं होतं का?" वायरी गुंडाळता गुंडाळता याचं उत्तर देता येत नाही. मी "बघू पुढच्या वेळी" म्हणते आणि पुढच्या वेळीही वाजवत नाही. हे बरोबर नाही. ज्यांनी ती गाणी पाठ केली, त्यांना खरं कारण कळायला हवं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

आम्ही चौघं. मी बास गिटार वाजवते. बाकी गिटार, ड्रम्स आणि गायक. कॉलेजात फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या टीममध्ये भेटलो, संगीताची बाजू आमच्याकडे होती. स्पर्धा संपली, टीम पांगली, आम्ही चौघं पांगलो नाही. 2010 साली पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि आपल्यासारखीच मुलं स्वतःची गाणी घेऊन मोठ्या स्टेजवर उभी राहतात हे डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर दुसऱ्यांची गाणी वाजवणं आमच्याकडून हळूहळू सुटलंच. 2009 ते 2018, नऊ वर्षं बँड चालला. नाव इथं लिहीत नाही. ते यापुढे कुणीच वापरायचं नाही असं आमचं ठरलंय.

या गोष्टीत खरी महत्त्वाची आहे ती आमची रियाजाची खोली. एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या मागची, दहा बाय बाराची, पूर्वी सामान ठेवायची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला दोन सोलापुरी चादरी. ट्रेंनी खोलीतला खणखणाट थोडा कमी होतो, आवाज बाहेर जायचा मात्र अजिबात थांबत नाही. त्याला जड, जाड भिंत लागते. माझ्या बासची सगळ्यात खालची तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते आणि त्या सुराची लाट आठ मीटरहून लांब असते. बारा फुटांची खोली आणि पुठ्ठ्याचे ट्रे तिला काय अडवणार? ती थेट शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात जायची आणि मांडणीवरची भांडी वाजायची. काकू फार सोसणाऱ्या. त्या कधी भांडल्या नाहीत. बरोबर दहाला गॅलरीत येऊन म्हणायच्या, "अगं, दहा वाजले गं." आम्ही त्याच ठोक्याला थांबायचो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात रात्री दहानंतरची मर्यादा 45 डेसिबल आहे, हे आम्हाला पाठ होतं. ते छापून आम्ही दारामागे लावलंही होतं.

नऊ वर्षं आम्हाला एकच काळजी होती: आवाज बाहेर जाऊ नये. तो आत काय करतोय हे चौघांपैकी एकानेही कधी विचारलं नाही.

अमेरिकेत नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. कामाच्या जागी कानांनी किती आवाज सोसावा याचा तिचा हिशोब असा: 85 डेसिबल असेल तर दिवसाला आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि असं करत 100 ला फक्त पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रम्स जोरात वाजत असले तर वाजवणाऱ्याच्या कानाशी शंभर सहज ओलांडले जातात. ड्रम्स मोठे म्हणून आम्ही आमच्या वाद्यांचा आवाज मोठा करणारे अॅम्प वाढवायचो, अॅम्प मोठे झाले म्हणून ड्रमर जोरात मारायचा. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला तीन तास. गाणं अंगावर आल्याशिवाय आम्हाला चैन पडायचं नाही. घरी जाताना कानात शिट्टी वाजायची आणि सकाळपर्यंत बंद व्हायची. ती आम्हाला चांगल्या रियाजाची खूण वाटायची.

ड्रमरची शिट्टी 2018 च्या पावसाळ्यात एके दिवशी थांबलीच नाही. दोन महिने त्याने कुणाला सांगितलं नाही. मग तपासणी केली आणि तो कागद आमच्यासमोर ठेवला. ऑडिओग्राम म्हणजे कोणत्या सुराला किती ऐकू येतं याचा आलेख. त्याची रेघ नीट सरळ चालली होती आणि 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे बऱ्याच वरच्या सुरापाशी, खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती. आवाजाने कान गेले की खड्डा बहुतेक तिथेच पडतो. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तो म्हणाला, "आहे तेवढं राखायचंय मला. मी थांबतो." एवढंच. नऊ वर्षांत त्याने कधी सूर चढवून बोललेलं मला आठवत नाही, तेव्हाही नाही.

आता भांडणाबद्दल. झालं, पण त्याच्याशी नाही. उरलेल्या तिघांत झालं.

डिसेंबरचा एक कार्यक्रम ठरलेला होता. गिटारवाला म्हणाला, नवा ड्रमर घेऊ आणि त्याच नावाने पुढे जाऊ. त्याचा दाखला एसी/डीसी या रॉक बँडचा होता: फेब्रुवारी 1980 मध्ये त्यांचा गायक वारला, नवा गायक घेऊन जुलैत नवा अल्बम बाजारात. मी लेड झेपेलिन या बँडचं उदाहरण काढलं. त्याच 1980 च्या सप्टेंबरात त्यांचा ड्रमर जॉन बॉनम गेला आणि डिसेंबरात उरलेल्यांनी जाहीर केलं की आम्ही पुढे चालू शकत नाही. गायकाने तिसरं सांगितलं. जॉय डिव्हिजन या बँडचं ठरलेलंच होतं, कुणी एक गेलं तरी नाव वापरायचं नाही. मे 1980 मध्ये त्यांचा गायक इयन कर्टिस गेल्यावर ते नाव बदलून न्यू ऑर्डर झाले. एकाच वर्षातली तीन उत्तरं, आणि आम्ही रात्रभर त्यावर वाद घातला. त्या तिन्ही ठिकाणी माणूस जगातून गेला होता. आमचा ड्रमर कोथरूडला राहत होता, फोन केला असता तर वीस मिनिटांत आला असता. त्याला बाहेर ठेवून आम्ही त्याच्या जागेबद्दल बोलत होतो, याची मला आजही लाज वाटते.

तरी मी नवा ड्रमर घ्यायला हो म्हणाले. मुलगा गुणी होता, सगळी रेकॉर्डिंग ऐकून आला होता. आता त्या सात मात्रांच्या गाण्याचं सांगायलाच हवं.

मुळात गिटारवाल्याने ते साध्या चार मात्रांत आणलं होतं. ड्रमर लहानपणी तीन वर्षं सदाशिव पेठेत तबला शिकलेला. त्याने त्यातली एक मात्रा काढून चार-चारच्या दोन आवर्तनांचं सात करून टाकलं, आणि मनात सात मात्रांचा रूपक ताल धरला. रूपकाची गंमत अशी की त्याची पहिलीच मात्रा खाली. सम, म्हणजे आवर्तनाची सुरुवात, तिथेच आहे, पण तिथे टाळी नाही. टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. म्हणून पहिल्या मात्रेवर त्याने किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, ठेवलीच नाही, नुसती हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी. किक चौथ्या आणि सहाव्यावर. मग मीही पहिली मात्रा मोकळी सोडली आणि चौथ्यावर आत आले. ओळ बसेना म्हणून गायकाने दोन शब्द गाळले आणि ती ओळ उलट जास्त चांगली झाली. ऐकणाऱ्याला दर आवर्तनाला पायरी चुकल्यासारखं होतं आणि मग जमीन लागते. तुम्हाला आवडतं ते हेच.

नव्या मुलाने पहिल्या मात्रेवर किक मारली. रॉक शिकलेला कुणीही तिथेच मारेल. सांगितल्यावर त्याने लगेच सुधारलं. पण तो मोजतोय हे मला कळत होतं. आमच्या ड्रमरचा स्नेअर, म्हणजे समोरचा खणखणीत ड्रम, शिवाय किंचित मागे पडायचा, केसभरच, आणि माझी बोटं नऊ वर्षं त्या केसभर जागेत वाजत आली होती. ती जागाच राहिली नाही. तीन रियाज केले. तिसऱ्याच्या शेवटी मी बास गिटार खाली ठेवली आणि म्हणाले, मला येत नाहीये. आणि तेव्हा गिटारवाल्याच्या तोंडून ते वाक्य गेलं: "गाणी तर मीच केलीयत ना."

माझी मावशी वकील आहे. पैशांचा प्रश्न नव्हता, तेवढे पैसे आम्हाला कधी मिळालेच नव्हते. पण गाणी कुणाची हे ठरल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं, म्हणून चौघंही तिच्याकडे गेलो. या वेळी चौघं. तिने 1957 चा कॉपीराइट कायदा काढला. शब्दांचा हक्क वेगळा, संगीताचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. संगीतकार म्हणजे ज्याने संगीत रचलं तो, मग त्याने ते स्वरलिपीत लिहिलेलं असो वा नसो. आणि मग तिने संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या मराठीत सांगितली: दोघांनी किंवा अधिकांनी मिळून केलेली अशी कृती, जिच्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही.

"कोर्टात काय टिकेल ते राहू दे," मावशी म्हणाली. "तुम्हीच सांगा रे, वेगळा काढता येतो का?"

आम्ही कागद घेतला आणि खरंच प्रयत्न केला. सात मात्रांपासूनच सुरुवात केली. चाल गिटारवाल्याची. मात्रा ड्रमरची. पण मात्रा बदलली म्हणून चालही बदलली, ती मग कुणाची? मोकळी जागा त्याची की माझी? गाळलेले शब्द कुणाच्या खात्यात? अर्ध्या तासाने गिटारवाल्यानेच पेन खाली ठेवलं. डोळे पुसले. "चौघांची," म्हणाला. मावशीने हेही सांगितलं की चौघांची म्हटलीत तर तुमच्यातला शेवटचा जाईल त्यानंतर साठ वर्षं हक्क राहील. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

डिसेंबरचा कार्यक्रम रद्द केला, आगाऊ घेतलेले पैसे परत केले. मिक्सर गायकाने ठेवला, माइक वाटून घेतले, खोली रिकामी केली. ट्रे काढले तर भिंतीचा रंगही सोबत आला. काकूंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "आता शांत शांत वाटेल गं." त्यांचा आवाज आनंदाचा नव्हता.

नंतर मी जवळजवळ तीन वर्षं बासला हात लावला नाही. त्यात कोविडची वर्षंही गेली.

नवा बँड 2021 च्या शेवटी जमला. गायक तोच. ड्रम्सवर आहे ती मुलगी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवत मोठी झालेली. तिच्या मनगटातली तर्री, म्हणजे काठ्यांचा तो सलग थरथरता ठेका, ऐकली आणि मला पहिल्यांदा पुन्हा वाजवावंसं वाटलं. (गणपतीच्या आधीचा महिनाभर ती नदीकाठी पथकाच्या सरावाला असते, तेव्हा आमचा रियाज बंद. ते ठरलेलंच आहे.) गिटारऐवजी हार्मोनियम आहे. जुना गिटारवाला आता स्टुडिओ चालवतो आणि आमचं रेकॉर्डिंग तोच करतो.

पहिल्या दिवशी एका पानावर चौघांच्या सह्या घेतल्या. गाणी चौघांची, कुणी एक गेलं तर नाव थांबेल, इअरप्लगशिवाय रियाज नाही. वाजवणाऱ्यांसाठीचे इअरप्लग सगळे सूर जवळजवळ सारखेच खाली आणतात, साध्या फोमच्या बोळ्यांसारखं संगीत गढूळ होत नाही. रियाज अर्ध्या तासाने थांबतो, आम्ही बाहेर जाऊन बसतो. ड्रमरने सुरुवातीला कुरकुर केली, "ताई, यात अंगात येत नाही हो." मी तिला जुन्या ड्रमरचा तो ऑडिओग्राम दाखवला. त्याची प्रत माझ्याकडे आहे, त्यानेच दिली. तिने काही न बोलता इअरप्लग घातले.

राहिला तुमचा प्रश्न. परवानगीची अडचण नाही. मी जुन्या ड्रमरला विचारलं होतं, तो लगेच म्हणाला, "वाजवा की." गिटारवालाही हो म्हणाला. वाजवायचं झालं तर आमची नवी ड्रमर ते सात मात्रांचं गाणं उत्तम वाजवेल. पण मग तिला दुसऱ्याच्या हातासारखा हात करावा लागेल, पहिली मात्रा त्याच्यासारखी सोडावी लागेल. तिची पहिली मात्रा कुठे पडते हे मला ऐकायचंय. आणि माझं मला माहीत आहे: ते गाणं सुरू झालं की मी तिच्यात त्याचा स्नेअर शोधत बसेन. हे तिच्यावर मी लादणार नाही.

जुनी रेकॉर्डिंग आहेत, ती काढून टाकलेली नाहीत. ती ऐका, पण आवाज कमी ठेवून.

महिन्यातून एखाद्या रविवारी मी जुन्या ड्रमरकडे जाते. चहा होतो, मी नव्या गाण्याची चाल गुणगुणते, तो जेवणाच्या टेबलावर दोन बोटांनी धरतो. मागच्या जानेवारीत बाहेर चांगलीच थंडी होती, तो स्वेटर घालून बसला होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता. पूर्ण शांतता झाली की त्याला ती शिट्टी फार मोठी ऐकू येते, म्हणून घरात पंखा बाराही महिने चालू असतो. मी शाल मागून घेतली आणि चाल पुन्हा सुरुवातीपासून म्हटली.