दोरी कुठे बांधायची?

दुपारी चहाचं आधण ठेवलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर सूचना येऊन पडली. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, दर्शनी बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत. इमारतीची शोभा जाते.' खाली लगेच अंगठ्यांची रांग लागली. मी बाल्कनीत जाऊन पाहिलं. दोन पंचे, एक चादर, नवऱ्याची बर्मुडा आणि माझा धुवट कुर्ता, एवढे पाच जण मिळून सात मजली इमारतीची शोभा घालवत होते. मला तर बरे दिसले.

मला मुळात वाळत घातलेले कपडे बघायला आवडतात. एसटीतून जाताना लोक डोंगर बघतात, मी परसदारं बघते. दोरीवरून घराची परीक्षा करायची, ही मला जडलेली खोड. शर्ट खांद्यांनी लटकवलेला दिसला की ते घर माझ्या मनातून उतरतं. शर्ट उलटा करायचा, खालच्या शिवणीला चिमटे, कॉलर जमिनीकडे. मोजे जोडीनं, शेजारी शेजारी. आणि आतले कपडे सगळ्यात मागच्या दोरीवर, वरून पंचा नाहीतर ओढणी. हा शेवटचा नियम मला कोणी शिकवला ते आठवत नाही. तो शिकवावा लागतच नाही.

आजीकडे दोरी नव्हती, वलणी होती. माजघराच्या आढ्याला दोन दोर टांगून त्यांत अडकवलेला आडवा बांबू, आणि त्यावर तिचं सोवळं. पहाटे आंघोळ झाली की ओलं नऊवारी काठीच्या टोकावर घेऊन ती असं काही वर भिरकवायची की लुगडं बरोबर बांबूवर पडायचं आणि काठ दोन्ही बाजूंना सारखे लोंबायचे. मग काठीनंच सुरकुत्या काढायच्या. आम्हा पोरांना खालून जायची परवानगी होती, पण हात वर करायची नाही. मानेवर एखादा गार थेंब पडायचा आणि आम्ही शहारत पळायचो. पावसाळ्यात चार चार दिवस काही वाळायचं नाही. मग शेगडीवर वेताची टोपली पालथी पडायची आणि तिच्यावर धाकट्या भावाची लंगोटं. घरभर धूर आणि ओल्या सुताचा वास. वाळलं की नाही हे आजी हातानं बघायची नाही. कपडा गालाला लावायची. हाताला फसवता येतं, गालाला नाही, असं तिचं मत होतं.

नोकऱ्या सोडून पाठीवर सॅक टाकून आम्ही दोघं निघालो, तेव्हा सगळे विचारत होते की पैशांचं काय, फ्लॅटचं काय, परत आल्यावर काय. मी त्या आठवड्यात बोहरी आळीत दोरी शोधत होते. नायलॉनची, बोटभर जाडीची नको, अगदी बारीकही नको. दोन पदर घेऊन एकमेकांत पीळ घातला की चिमट्यांची गरज उरत नाही, पिळात कपड्याचा कोपरा खुपसायचा. वाऱ्यालाही सुटत नाही. अशी दोरी मी घरीच वळली आणि दोन्ही टोकांना फासे केले. नवऱ्यानं महागातला रेनकोट घेतला होता. तो कुठल्या तरी बसमध्ये राहिला. दोरी अजून आहे.

इंडोनेशियात बेटावर पोचलं की लोक समुद्राकडे धावतात. मी खोलीत शिरल्या शिरल्या भिंती बघायचे. खिडकीला गज आहे का? दाराची बिजागरी बाहेरून आहे का? समोर नारळ असेल तर त्याच्यापासून व्हरांड्याच्या खांबापर्यंत दोरी पुरेल का? 'अगं, आधी समुद्र तरी बघ,' असं नवरा म्हणायचा. समुद्र कुठे जात नव्हता. ऊन मात्र साडेपाचला उतरायचं.

आमची मोठी भांडणं लाँड्रीवरून झाली. तिकडे लाँड्री किलोवर चालते. दुकानासमोर तराजू, त्यात आपलं गाठोडं टाकायचं. किलोला पंधरा हजार रुपिया ऐकून पहिल्यांदा छातीत धस्स झालं. मनातल्या मनात शून्यं उडवली की ऐंशीएक भारतीय रुपये निघायचे. नवरा म्हणायचा, ऐंशी रुपयांसाठी काय बादलीत हात घालून बसतेस. मी म्हणायचे, एवढ्यात वारुंगमध्ये, म्हणजे तिकडच्या साध्या खानावळीत, एका ताटाचा निम्म्याहून जास्त खर्च निघतो. भात, टेंपे, फरसबीची परतलेली भाजी, अंडं आणि घाम फोडणारं सांबाल, असं ते नासी चाम्पुरचं ताट. दोघांचं मिळून दिवसाला दोन हजार भारतीय रुपये, ही आम्ही आखलेली लक्ष्मणरेषा होती, आणि तीत फेरीबोट, बस, खोली, जेवण सगळं बसवायचं होतं. व्हिसा विमानतळावर मिळतो तो तीस दिवसांचा आणि वाढवून घेतला तर आणखी तीस. म्हणजे बेटं सतरा हजारांवर आणि दिवस साठ. अशा हिशोबात लाँड्री कुठे बसवणार? पण खरं कारण पैसे नव्हतंच. ते लोक शर्ट खांद्यांनी टांगतात.

बालीहून लोंबोकला जाणारी मोठी फेरीबोट पादांग बाई या बंदरातून सुटते आणि रमतगमत चार-पाच तासांनी लेंबारला लागते. स्पीडबोटी आहेत, पण त्या आमच्या रेषेच्या पार बाहेर. नकाशावर बोटभर दिसणारी ही सामुद्रधुनी भलती खोल आहे. हिमयुगात समुद्र शंभर-सव्वाशे मीटर खाली गेला, तेव्हा बाली आशियाच्या भूमीला जोडलं गेलं आणि लोंबोक तसंच एकटं राहिलं. 1856 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस इथून गेला आणि पलीकडे पांढरे काकाकुवे बघून चक्रावला. पक्षी एकदम ऑस्ट्रेलियाकडचे! आशियाकडचे आणि ऑस्ट्रेलियाकडचे प्राणी वेगळे करणारी त्याच्या नावाची रेषा पुढे शाळेच्या नकाशात आली. तो मुळात इथे येणारच नव्हता. त्याला मकासारला जायचं होतं आणि सिंगापूरहून थेट जहाज मिळालं नाही, म्हणून बालीवरून वळसा. हे वाचल्यावर तो मला आमच्यातलाच वाटायला लागला. लोंबोकमध्ये त्याच्याकडे एकच बारकी खोली होती, खाणं-झोपणं-काम सगळं तिच्यातच, आणि मुंग्यांचं थैमान. मुंग्या चढू नयेत म्हणून त्यानं बाकाचे चारही पाय पाणी घातलेल्या करवंट्यांत ठेवले होते, आणि त्या बाकावर आणि एका खोक्यावर मिळून शंभरेक पक्ष्यांची कातडी वाळत पडलेली असायची. एवढ्या मोठ्या माणसाचीही खोलीत शिरल्यावरची चिंता तीच. वाळत कुठे घालायचं?

गिली एअर नावाच्या छोट्या बेटावर मात्र माझी विद्या हरली. बेट चालत दीडेक तासात फिरून होतं, मोटार एकही नाही, घोडागाड्या तेवढ्या घुंगरं वाजवत जातात, पाणी म्हणाल तर पोस्टकार्डातलं. पण स्वस्तातल्या खोल्यांच्या नळाला मचूळ पाणी. त्या पाण्यात धुतलेला कपडा दुपारी उन्हात कडकडीत होतो, पापडासारखा उभा राहतो. आणि संध्याकाळी हवा दमट झाली की पुन्हा ओला! मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. सकाळी वाळलेला, रात्री ओला, सकाळी परत वाळलेला, असा माझा एक कुर्ता तिथे होतो तितके दिवस जन्म-मृत्यूच्या फेऱ्यात अडकला होता. शेजारच्या खोलीतल्या गोऱ्या मुलीनं तिच्या बिकिन्या समोरच्या कठड्यावर राजरोस पसरल्या होत्या. लाल, हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची. माझे कपडे खोलीमागे, ओढणीखाली. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या त्या मुलीचे कपडे माझ्याआधी वाळायचे, कारण त्यांना ऊन लागायचं. हे मला कळत होतं. तरी ओढणी काढली नाही.

नवऱ्याचं असं काही नसतं. त्यानं गंजी-चड्डी समुद्राच्या बरोब्बर समोर टांगली आणि वर त्याच फोटोत सूर्यास्तही घेतला.

सुंबावा आम्ही बसनं तुडवलं. तांबोरा ज्वालामुखी याच बेटावर. 1815 च्या एप्रिलमध्ये तो फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं गेली, लोक उपाशी मेले, हे सगळं इतिहासात आहे. माझ्या डोक्यात मात्र बसच्या खिडकीला टेकून भलतंच चाललं होतं. अख्खा उन्हाळा गेला, म्हणजे त्या बायकांनी कपडे कसे वाळवले असतील?

कोमोडोचे ड्रॅगन पाहिले. झोपले होते.

फ्लोरेस बेटावर मोनी नावाचं गाव आहे, केलिमुतु डोंगराच्या पायथ्याशी. थंड, ओलं, भाताच्या खाचरांचं, बघितल्यावर क्षणभर आंबोलीच वाटावी असं. आसपासच्या गावांत बायका इकत विणतात. विणण्याआधीच सूत जागोजागी बांधून रंगवायचं, आपल्याकडच्या पटोळ्याच्या जातीचंच काम. निळा रंग निळीचा आणि तांबडा नोनीच्या मुळांचा. नोनी म्हणजे जिचा रस आपल्याकडे बाटल्यांतून गुण सांगून विकतात तीच. रंगवलेल्या लडी घरासमोर बांबूवर वाळत घातलेल्या असतात आणि त्यांतून निळे थेंब खाली कोंबड्यांवर पडतात. एक पांढरी कोंबडी पाठीवर निळे ठिपके घेऊन फिरत होती. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की लडी विकत घ्यायची आहे असं त्या बाईला वाटलं.

आमच्या होमस्टेच्या मालकीणबाईंना सगळे इबू म्हणायचे, म्हणून आम्हीही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला त्यांची भाषा चार शब्द. मी पोचल्या पोचल्या मागच्या व्हरांड्यात दोरी बांधायला गेले तर तिथे त्यांची होती. पुढे शर्ट, चादर, पोराचा शाळेचा गणवेश. मागच्या दोरीवर एक रंग गेलेला सारोंग, म्हणजे तिकडची लुंगी, पसरलेला, आणि त्याच्या खालून बाहेर आलेला एका पट्ट्याचा हूक. मी माझी दोरी शेजारी बांधली आणि ओढणी पसरली. इबूंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

दुपारी आम्ही झऱ्यावर गेलो आणि पाऊस आला. धावत परतलो तेव्हा दोरी रिकामी. माझे कपडे पलंगावर घडी करून ठेवलेले, आणि आतले कपडे ओढणीच्या आत, चारी बाजूंनी दुमडून, पुरुषमाणूस खोलीत आला तरी काही दिसणार नाही असे. आईनं अगदी अशीच घडी केली असती. फक्त मोजे नव्हते. ते इबूंच्या हातात होते. त्यांनी एक मोजा उचलला आणि गालाला लावला. मान हलवली. मग दोन्ही जोड नेऊन चुलीवरच्या बांबूला अडकवले, लसणाच्या जुड्यांशेजारी.

पहाटे चारला ते मोजे घालून आम्ही मोटरसायकलवरून केलिमुतुला निघालो. धुराचा वास, आणि अंगठ्याशी अजून ओलच. वर 1639 मीटरवर थंडी अशी की दात वाजत होते. दोन-तीन बायका थर्मासमधून आलं घातलेली कॉफी विकत होत्या. उजाडलं आणि ढग बाजूला झाले. एकाच डोंगरमाथ्यावर तीन तळी, तिन्हींचे रंग वेगळे. खालून येणारे ज्वालामुखीचे वायू आणि पाण्यातली खनिजं यांच्या खटाटोपानं हे रंग बदलत राहतात, त्यामुळे कोणाच्याही फोटोवर विश्वास ठेवू नये. आम्ही गेलो तेव्हा एक मोरपंखी होतं, एक हिरवट आणि एक जवळजवळ काळं. नवरा म्हणतो दुसरंही मोरपंखीच होतं. असो.

तिथल्या लिओ लोकांची श्रद्धा अशी की माणूस मेल्यावर त्याचा आत्मा इथे येतो. म्हाताऱ्यांचं एक तळं, तरुणांचं दुसरं, आणि दुष्टांचं तिसरं. तरुणांचं आणि दुष्टांचं अगदी लागून, मध्ये कड्याची एक पातळ भिंत. म्हाताऱ्यांचं तळं जरा लांब, पश्चिमेला.

कठड्याशी उभं राहून कॉफी पिता पिता आम्ही चेष्टा करत होतो की आत्ता दरीत पडलो तर कुठल्या तळ्यात जाऊ, अजून तरुणात धरतील की नाही. आणि मग माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं. आपल्यातलं एक लवकर गेलं आणि दुसरं रेंगाळून म्हातारं होऊन गेलं, तर तळी वेगळी होतात. एक इथे आणि एक तिकडे, लांब. बोलले आणि वाटलं, नको होतं बोलायला. नवरा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं खाली त्या काळ्या तळ्याकडे बोट केलं.

'त्याला वयाची अट नाहीये,' तो म्हणाला. 'थोडी पापं करावी लागतील.'