तळाचा पट्टा मोकळा झाला तेव्हा

२०२० च्या टाळेबंदीआधी आम्ही जंगलाच्या कडेने जाणाऱ्या एका महामार्गालगत झाडांना रेकॉर्डर बांधले होते. पहाटे ठरलेल्या वेळी ते आपोआप सुरू होत आणि ऊन वर आलं की बंद पडत. मग सगळंच थांबलं. आम्हाला तिकडे जाता येईना, पण रेकॉर्डर बॅटरी संपेपर्यंत नोंद करत राहिले. परवानगी मिळून मेमरी कार्डं माझ्या हातात आली तेव्हा त्यांत रस्ता गजबजलेला असतानाचे आठवडे होते आणि तो ओस पडल्यानंतरचेही. झाड तेच, माइक तोच. असा प्रयोग करायचा म्हणून महामार्ग बंद ठेवा, असं कुणाला सांगायची सोय नसते.

माझं काम पक्ष्यांचे आवाज तपासण्याचं. त्यात कानाआधी डोळे लागतात. ध्वनिमुद्रण संगणकावर उघडलं की त्याचा स्पेक्ट्रोग्राम दिसतो. आडवी वेळ, उभी कंप्रता (म्हणजे सूर किती उंच किंवा खालचा, ती हर्ट्झमध्ये मोजतात), आणि आवाज जितका मोठा तितका रंग उजळ. बहुतेक पक्ष्यांच्या शिळा वरच्या अंगाला बारीक रेघांसारख्या उमटतात. वाहनांची घरघर तळाशी बसते, बहुतांशी दोन हजार हर्ट्झच्या खाली. रस्त्याकडेच्या प्रत्येक फाइलमध्ये हा जाड पिवळा पट्टा असतोच. तो इतका सवयीचा होतो की काम करताना त्याकडे लक्षही जात नाही.

त्या दिवशी मी टाळेबंदीतली पहिली पहाट उघडली, आणि तळाला काहीच नव्हतं. नुसता काळोखा भाग. माइक बिघडला असावा असं आधी वाटलं. ओल शिरून माइक बिघडल्याचं याआधी घडलेलं होतं. म्हणून पुढच्या फाइली भराभर सरकवत गेले. एका पहाटेच्या नोंदीत दूरवरचा गडगडाट सापडला. ढगांचा तो खर्ज अगदी तळाशी, स्पष्ट, शेवटपर्यंत विरत गेलेला. माइक ठणठणीत होता. रस्ताच गप्प होता.

मग मी हेडफोन चढवले. त्या मोकळ्या पट्ट्यात, पाचशे हर्ट्झच्या आसपास, होल्याचं घुमणं ऐकू आलं. एक जवळ, एक लांब, आणि त्याहून लांबून तिसऱ्याचं उत्तर. या ठिकाणच्या आमच्या यादीत होला जेमतेमच नोंदलेला होता. मी उलट जाऊन टाळेबंदीआधीच्या फाइली पुन्हा काढल्या आणि नेमक्या त्या कंप्रतेवर नजर ठेवून पाहिलं. दोन ट्रकांच्या मधल्या क्षणभराच्या फटीत त्याच घुमण्याच्या पुसट खुणा होत्या. होला परत आला नव्हता. तो आधीपासून तिथेच होता आणि घुमतही होता.

दुपारपर्यंत पक्षी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचे आकडे आले. टाळेबंदीतल्या नोंदी आधीच्या जवळपास दुप्पट. मी मॅडमना फोन केला.

“अगं, मग पक्षी वाढले असंच म्हणायचं ना?” त्यांच्या आवाजात आनंद होता. त्या दिवसांत चांगली बातमी कुणाला नको होती?

“मॅडम, नोंदी वाढल्यात. पक्ष्यांचं अजून सांगता येत नाही.”

“म्हणजे?”

मी हिशोब सांगितला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. याचीच दुसरी बाजू अशी, की भोवतालचा गोंगाट सहा डेसिबलने कमी झाला तर तोच पक्षी दुप्पट लांबून ऐकू येतो. ऐकण्याच्या वर्तुळाची त्रिज्या दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. झाडोऱ्यात पानं आणि खोडं आवाज शोषतात, म्हणून प्रत्यक्षातली वाढ याहून कमी भरते. तरीही एकही पक्षी न वाढता नोंदी दुप्पट व्हायला एवढं पुरेसं आहे. शिवाय हे सगळं काही आठवड्यांत घडलेलं. एवढ्या वेळात कुठली पिल्लं मोठी होऊन गायला लागणार?

मी इतकी सावध होते त्याला कारण होतं. तेव्हा फोनवर रोज नवे चमत्कार येत होते. व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आल्याची चित्रफीत जगभर फिरली. ती प्रत्यक्षात सार्डिनियातल्या कालियारी बंदरातली होती. व्हेनिसचं पाणी नितळ झालं हे खरं, पण ते बोटी थांबल्यामुळे. तळाचा गाळ ढवळला जाईना, म्हणून तो खाली बसला. गाळ बसणं वेगळं आणि पाणी शुद्ध होणं वेगळं. हवेचंही तसंच. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला जगाचं रोजचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन आदल्या वर्षाच्या सरासरीपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी खाली आलं होतं, तरी वातावरणात साठलेल्या या वायूचं प्रमाण त्या वर्षीही वाढतच राहिलं. शेतीसाठी तोडलेल्या आणि मग सोडून दिलेल्या उष्ण कटिबंधातल्या जंगलांचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मातीचा कस दहा वर्षांच्या आत सावरतो असं दिसलं, पण झाडोऱ्याचं एकूण वजन आणि जातींचं मूळचं मिश्रण पुरतं परतायला शंभराहून अधिक वर्षं लागतात. निसर्ग सावरतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तो तीन आठवड्यांत सावरतो असं सांगणं मात्र मला त्याच्यावर अन्यायच वाटतो. मग सुट्टी संपली की आपलीही जबाबदारी संपली, असा त्याचा अर्थ होतो.

हे सगळं मी फोनवर जरा तावातावानेच बोलले. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “बरं. माइकला लांबून ऐकू यायला लागलं. आणि होल्याच्या मादीला?”

मी थबकलेच. ज्याला मी आकड्यांतला दोष समजून वजा करायला निघाले होते, तोच तर पक्ष्यांना झालेला लाभ होता. ज्या नराचं गाणं काल थोड्याच झाडांपलीकडे विरत होतं, ते आज कितीतरी माद्यांच्या कानी पडत होतं. शेजारच्या नराला हद्द लांबूनच कळत होती, म्हणजे भांडायला अंगावर जायची गरज कमी. शिकारी पक्षी दिसताच दिलेला इशारा पुढच्या थव्यापर्यंत पोचत होता. गोंगाट हा असा प्रदूषक आहे की तो थांबला की मागे काहीच उरत नाही. गाळ नाही, विष नाही, राख नाही. त्यामुळे त्याने अडवलेली जागा त्याच क्षणी परत मिळते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एलिझाबेथ डेरीबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत आला आणि आम्ही तो अधाशासारखा वाचला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या छोट्या पक्ष्यांची गाणी त्यांनी टाळेबंदीआधीच्या गाण्यांशी ताडून पाहिली होती. गोल्डन गेट पुलावरची वाहतूक तेव्हा १९५० च्या दशकातल्या पातळीवर आली होती. पक्षी हळू आवाजात गाऊ लागले होते, आणि तरी त्यांचं गाणं आधीच्या दुप्पट अंतरावर पोचत होतं. खालचे सूरही गाण्यात परतले होते. कारखान्यात माणसं जशी ओरडून बोलतात तसे पक्षीही गोंगाटात आवाज चढवतात. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी माणसांतली ही सवय १९११ मध्ये वर्णन केली म्हणून तिला लोंबार परिणाम म्हणतात. आवाज चढवायला ताकद लागते. ती त्या वसंतात वाचली.

समुद्रातलं उदाहरण याहून जुनं आहे. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर कॅनडाच्या बे ऑफ फंडीत जहाजांची ये-जा एकाएकी घटली, पाण्यातला गोंगाट सहा डेसिबलने उतरला, आणि तिथल्या राइट व्हेल देवमाशांच्या विष्ठेतलं ताणाच्या संप्रेरकांचं प्रमाण खाली आल्याचं दिसलं. पुन्हा तेच सहा डेसिबल.

माणूस हटला की सगळ्यांचंच भलं होतं, असंही मात्र नाही. बाल्टिक समुद्रातल्या स्टोरा कार्लसो बेटावर २०२० मध्ये पर्यटक गेले नाहीत, तर पांढऱ्या शेपटीचे गरुड तिथे धीट झाले. त्यांना भिऊन कड्यांवरचे गिलेमॉट पक्षी वारंवार अंडी सोडून उडू लागले, आणि त्यांची वीण सुमारे २६ टक्क्यांनी घटली. पर्यटकांची वर्दळ त्यांना नकळत राखण ठरत होती. म्हणून ‘माणूस नको’ एवढं म्हणून काम भागत नाही. माणसाची नेमकी कोणती गोष्ट, कुठे आणि कोणत्या वेळी आड येते, हे शोधावं लागतं.

आमच्या जागेपुरतं उत्तर त्या कार्डांत होतं. शेवटच्या फाइलींमध्ये तळाचा पट्टा दिवसागणिक पुन्हा भरत गेलेला दिसतो, आणि तो भरतो तसा होला आमच्या यादीतून गळत जातो. अहवालात आम्ही ‘पक्षी वाढले’ असं कुठेही लिहिलं नाही. एक गाणं किती क्षेत्रात ऐकू जातं, याचा वेगळा स्तंभ केला आणि टाळेबंदीआधीचे, टाळेबंदीतले आणि नंतरचे आकडे शेजारीशेजारी मांडले. त्याखाली एकच मागणी ठेवली: विणीच्या हंगामात, उजाडण्याच्या सुमाराचे दोन तास, जंगलाकडेच्या त्या टप्प्यात वाहनांचा वेग कमी ठेवावा. भरधाव गाड्यांचा बराचसा आवाज टायर रस्त्यावर घासल्याचा असतो आणि वेग उतरला की तोही उतरतो. रस्ता बंद करायची गरज नाही. मॅडमनी मसुदा वाचून ‘दोन’ खोडून ‘तीन’ केलं, आणि आम्ही तो पाठवला.