डोग्नाच्काकरांचा मेळावा

रोमानियाच्या नैर्ऋत्येस, काराश-सेवेरिन जिल्ह्याच्या डोंगरांत डोग्नेचा नावाचे खाणींचे गाव आहे. तिथून जर्मनीत आलेली माणसे त्याला आजही डोग्नाच्काच म्हणतात. ४ डिसेंबर हा खाणकामगारांची रक्षणकर्ती संत बार्बरा हिचा सण. त्याच्या आसपासच्या शनिवारी ही मंडळी बव्हेरियातील एका चर्चच्या सभागृहात दरवर्षी जमतात. आमच्या शेजारच्या आजी मूळच्या त्या गावच्या. त्यांनीच मला पहिल्यांदा तिथे नेले आणि पुढे त्यांच्याबरोबर जाण्याचा परिपाठच पडला.

दारात पाऊल टाकताच कुणीतरी वयस्क गृहस्थ विचारत, “तू कुणाची?” हा प्रश्न प्रत्येकाला होई. उत्तरात घराण्याचे नाव, गल्ली आणि आजोबा कोणत्या खाणीत होते हे सांगितले की समोरचा माणूस नात्याचा धागा हुडकून काढी. मी काही बोलण्याआधीच आजी सांगत, “ही माझी.” तेवढ्यावर मला त्यांच्या बाकावर जागा मिळे. मुंबईतील कोकणी गावमंडळांच्या संमेलनांत मी लहानपणी हीच चौकशी ऐकली होती, म्हणून मला तिथे कधी परके वाटले नाही.

प्रार्थना झाल्यावर काळे कोट आणि पितळी बटणे ल्यालेले वृद्ध ‘ग्ल्युक आउफ’ म्हणून एकमेकांना अभिवादन करीत. खाणीत उतरणारा सुखरूप वर यावा, ही त्यामागची इच्छा. मग सूप, खसखस आणि अक्रोड भरलेले श्ट्रूडल आणि गप्पा. मला सर्वांत प्रिय होते ते भिंतीजवळचे टेबल, कारण त्यावर घरोघरची खनिजे मांडलेली असत. शेजारच्या ओक्ना दे फिएरचे काळे, जड लुडविगाइट मी प्रथम तिथेच हातात घेतले. त्या गावातील नमुन्यांवरूनच १८७४ मध्ये या खनिजाचे पहिले वर्णन झाले आणि व्हिएन्नाचे रसायनशास्त्रज्ञ एर्न्स्ट लुडविग यांचे नाव त्याला मिळाले. डोंगराच्या पोटात तप्त शिलारस चुनखडकाला भिडला आणि त्या संपर्कातून लोह, तांबे, शिसे, जस्त यांची खनिजे तयार झाली, हे एक निवृत्त खाणकामगार दोन दगड शेजारी ठेवून मुलांना इतक्या तन्मयतेने समजावीत की मोठेही भोवती उभे राहत.

या धातूंसाठीच त्यांचे पूर्वज तिथे गेले होते. १७१८ च्या पासारोविट्झच्या तहाने हे डोंगर ज्यात येतात तो बानात प्रांत ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याकडे आला आणि आल्प्सच्या खाणपट्ट्यातून कुशल जर्मनभाषक कामगार आणून या डोंगरांत वसवण्यात आले.

जेवणानंतर वर्षभरात गेलेल्यांची नावे वाचली जात आणि त्याच वेळी जानेवारी १९४५ चे स्मरण होई. तेव्हा रोमानियातील १७ ते ४५ वर्षांचे जर्मन पुरुष आणि १८ ते ३० वर्षांच्या जर्मन स्त्रिया सक्तमजुरीसाठी सोव्हिएत संघात पाठवल्या गेल्या. आजींची मोठी बहीण त्यांत होती. ती परत आली, पण त्या वर्षांविषयी घरात कधीच बोलली नाही, एवढेच आजी सांगत. पुढे रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याच्या काळात पश्चिम जर्मनीने माणशी पैसे मोजून हजारो जर्मनांना बाहेर आणले आणि १९८९ मध्ये त्याची राजवट कोसळल्यावर उरलेल्यांपैकी बहुतेक निघाले. पन्नाशीच्या पुढचे लोक या निघण्याविषयी बोलू लागले की मला त्यांत राग क्वचित आणि कृतज्ञता व हळहळ अधिक ऐकू येई.

निघताना प्रत्येकाला चेरीची एक डहाळी मिळते. बार्बराच्या दिवशी तोडून पाण्यात ठेवली की ती नाताळात फुलते. अलीकडे वृद्ध कमी झाले आहेत, मात्र नातवंडांनी एक नवी गोष्ट सुरू केली आहे. ती उन्हाळ्यात बसने डोग्नेचाला जातात, कमळांचे तळे पाहतात आणि ओक्ना दे फिएरला कॉन्स्टँटिन ग्रुएस्कू यांनी जमवलेल्या खनिजांचे संग्रहालयही पाहून येतात. येत्या उन्हाळ्याच्या यादीत आजींनी आपल्या नावाखाली माझेही नाव लिहून टाकले आहे.