रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात

सिकलसेल म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्याच्या तपासणीच्या टीममध्ये मी लॅब टेक्निशियन आहे. २०२३ ला केंद्राचं मिशन सुरू झालं तेव्हापासून ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना तपासायचं, त्यामुळे आकड्यांचं प्रेशर कायम असतं. पण गडचिरोलीतल्या एका गोंड गावात पोरांनी आधी आम्हाला गोटुलात, म्हणजे गावाने एकत्र जमायच्या जागेत नेलं. म्हणाली, ग्रामसभा बसलीय, आधी विषय मांडा मग सुया काढा. टीममधला एकजण उशीर होतोय म्हणून चिडला, मला मात्र ते शंभर टक्के पटलं, रक्त त्यांचं, विचारणार पण तेच.

मांडणी केली बारावी झालेल्या एका पोरीने, गोंडीत, आणि मध्येमध्ये आमच्यासाठी मराठीत. आई-बाप दोघं वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजार पुढे देऊ शकणारे असले तर बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के, नुसता वाहक व्हायची ५०. एक आजोबा म्हणाले, म्हणजे चारात एकच ना? ती म्हणाली नाही आजोबा, दर बाळंतपणाला शक्यता नव्याने तेवढीच, चारही निघतील नाहीतर एकही नाही. हे समजावताना भल्याभल्यांची दमछाक होते हो!

मग खरा मुद्दा निघाला. दुसऱ्या एका गावात नावं सगळ्यांसमोर वाचली गेली आणि एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, वाहक म्हणजे आजारी नाही हे कोणी ऐकूनच घेतलं नाही. म्हणून पोरांनी ठराव मांडला, रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात, लहानांचा आई-बापाकडे, यादी भिंतीवर लागणार नाही, आणि पोरींना तपासायचं तर पोरांनाही. शेवटच्या वाक्यावर बरीच कुरकुर झाली पण गावातल्या पोरी हटल्या नाहीत, रजिस्टरात लिहून सह्या-अंगठे घेतले तेव्हाच उठल्या. आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आहे पण ग्रामसभेची ताकद काय असते ते मला त्या दिवशी दिसलं.

तेंदूचा हंगाम होता, सकाळी सगळे जंगलात, म्हणून कॅम्प दुपारनंतर ठेवायलाही त्यांनीच सांगितलं होतं. लोक पानांचे पुडे बांधता बांधता उठून येत होते. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये, म्हणजे पहिल्या प्राथमिक चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्यांचे नमुने पक्क्या तपासणीसाठी पुढे पाठवायचे असतात, ते पॅक करताना एका पोराने विचारलं, आजार निघाला तर हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे त्यावरची गोळी, कुठे मिळेल, मध्येच संपलं तर काय? ती गोळी रोजची, वर ठराविक दिवसांनी रक्त तपासावं लागतं, त्यामुळे प्रश्न अगदी बरोबर होता. पुढच्या ग्रामसभेसाठी गोळ्यांच्या स्टॉकचा विषय ठेवला आणि मेडिकल ऑफिसरना हजर राहायला सांगणारं पत्र पोरांनी तिथेच लिहून आमच्याकडे दिलं.