इग्वासू म्हणजे मोठं पाणी

आज आईला अर्जेंटिना-ब्राझील सीमेवरचा इग्वासू धबधबा दाखवला. बुएनोस आयरेसचे तीन दिवस सुरेख गेले, पण आजच्या दिवसाची सर कशालाच नाही.

अर्जेंटिनाच्या बाजूने छोट्या आगगाडीने शेवटच्या स्टेशनवर उतरलो. तिथून नदीवरच्या जाळीच्या पुलावरून किलोमीटरभर चालायचं. पायाखालचं पाणी इतकं संथ, की पुढे काही वाढून ठेवलंय असं वाटतच नाही. आधी आवाज आला, मग धुरासारखे उडणारे तुषार, आणि एकदम समोर 'गार्गांता देल दियाब्लो', सैतानाचा घसा! सुमारे 80 मीटर खोल. इथे लहानमोठे मिळून 275 च्या आसपास धबधबे आहेत, पण आई या एकाच ठिकाणी कठडा धरून उभी. चष्मा पुसायची, तो पुन्हा भिजायचा, पुन्हा पुसायची.

आणि त्या पाकोळ्या! थव्याने येऊन थेट पडत्या पाण्यात घुसत होत्या. त्यांची घरटी धबधब्यामागच्या कातळावर असतात म्हणे. एवढ्या माऱ्यातून पिल्लांकडे जायचं! आईने तिथे नकळत हात जोडले.

इथल्या मूळ रहिवाशांच्या ग्वारानी भाषेत 'इ' म्हणजे पाणी, 'ग्वासू' म्हणजे मोठं. किती नेमकं नाव!

परतताना तिच्या मनगटावर एक फुलपाखरू बसलं. पंखांवर चक्क 88 लिहिल्यासारखी नक्षी. घामातलं मीठ टिपायला येतात ती. गाडी येईपर्यंत आईने हात हलवला नाही.

उद्या ब्राझीलच्या बाजूने.